पाट्यातली काळी रेघ

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागल्या अंगाला गेणू लोहाराची भट्टी आहे. चाळीस वर्षं त्यानं तिथं कोयते, कुऱ्हाडी, खुरपी घडवली. तो सांडशीनं लोखंड धरायचा आणि बायको, प्रयागबाई, समोरून घण घालायची. गेणूचं पातं दगा देत नाही, असं पंचक्रोशीत म्हणत. त्यालाही ते खरं वाटत आलं होतं.

दोन वर्षांमागं निरगुडसरचा धम्मपाल सुट्टीवर आला आणि घरी पिशवी टाकून तसाच भट्टीवर आला. पोरगा फौजेत होता, पण चेहरा उतरलेला. निखाऱ्यांकडं बघत सांगू लागला. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी खाली कलंडली होती. ड्रायव्हर सीटच्या पट्ट्यात अडकलेला आणि इंजिनानं पेट घेतलेला. धम्मपालनं बाजारातून हौसेनं घेतलेला चाकू काढून पट्ट्यावर ओढला, तर पातंच मुठीतून निखळून पडलं. दुसऱ्या कुणाचा चाकू येईपर्यंत ड्रायव्हरचे पाय भाजले. माणूस जगला, पण कुबड्यांवर.

"काका, तवापासून कुठलाबी चाकू हातात घेतला की मी आधी त्याच्याकडं बघतो, मग कामाकडं," धम्मपाल म्हणाला. "तेवढ्या वेळात माणूस जातो."

गेणूनं ट्रकच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा निवडला. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध पातं घडवलं, जपून पाणी दिलं, वर बाभळीची मूठ बसवली. धम्मपालनं ते हातात तोललं आणि पहिल्यांदा हसला. साहेबांची परवानगी काढून सोबत ठेवीन म्हणाला आणि गेला.

दोन महिन्यांनी भरत नावाचा शेतकरी कोयता घेऊन आला. ऊस तोडताना दोन तुकडे झाले होते. गेणूनं तुकडा उन्हात धरला. मोडलेल्या जागी करडं लोखंड चमकत होतं, मात्र कडेला एक काळी रेघ होती. म्हणजे चीर आजची नव्हती, ट्रकखाली असतानाच पडलेली. आणि कोयता त्याच पाट्याचा होता, ज्याचा धम्मपालचा चाकू. गेणूनं पाट्याचा उरलेला तुकडा ऐरणीवर फोडला. त्यातही रेघ निघाली.

चार दिवस त्याला जेवण गोड लागेना. प्रयागबाईचं म्हणणं, सांगू नका. चाकूत चीर असंलच असं कुठंय? पोराचा हात आत्ता कुठं बसलाय, आपण होऊन कशाला मोडायचा? गेणूला ते पटायचं आणि पुन्हा पटायचं नाही. चीर नसली तर सांगून आपण त्याचा भरवसा घालवणार. असली तर न सांगून त्याचा, नाहीतर त्याच्या सोबत्याचा जीव घालवणार. त्याला राहून राहून ड्रायव्हरचे पाय दिसत. त्यानं त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी तो एसटीनं निरगुडसरला गेला. धम्मपालच्या आईला, बनाबाईला, सारं सांगितलं. तिनं पाणी दिलं, लेकाला फोन लावला आणि गेणूच्या हातात दिला. गेणूनं जमेल तसं सांगितलं.

"काका," धम्मपाल म्हणाला, "दोन महिनं माझा हात बराबर चालत व्हता."

"मला ठावं हाय, बाबा."

"पेटीत ठेवून देतो. तुमी सांगितलं ते बरं केलं." आवाजात मात्र बरं काही नव्हतं.

पुढच्या सुट्टीत तो चाकू घेऊन आला. गेणूनं पातं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं, मुठीवर पाइप घातला आणि धम्मपालला म्हणाला, तूच जोर लाव. धम्मपालनं सारं अंग टाकलं. पातं वाकलं, आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. तीनदा केलं. कुठं चीर नाही, काही नाही. प्रयागबाईनं नवऱ्याकडं बघितलं. गेणूनं मान वर केली नाही.

"चांगला हाय की," ती म्हणाली. "घेऊन जा."

धम्मपालनं चाकू हातात घेतला, उलटासुलटा केला आणि ऐरणीवर ठेवून दिला. "चांगला हाय, काकी. पर आता मी त्याच्याकडं बघतच राहणार."

मग त्यानं शर्ट काढला. नवा पाटा त्यानं स्वतः निवडला. गेणूनं एकाच्या जागी दोन पाती घडवली आणि घण धम्मपालनं घातला. एक पातं मुद्दाम फोडून आतलं लोखंड उन्हात नेऊन तिघांनी बघितलं. स्वच्छ करडं. दुसऱ्याला मूठ बसवली. धम्मपालच्या तळहाताला फोड आले होते. तो दिवसभरात हसला नाही. जाताना गेणूच्या पाया पडला आणि मंचरची गाडी धरली.

त्यानंतर बनाबाई कधी बाजाराला आली की भट्टीवर टेकते. लेकाचा फोन येतो, खुशाल आहे, एवढं सांगते. चाकूचं ती बोलत नाही आणि गेणूला विचारवत नाही. मात्र आता पाटा कुणाचाही असो, तापवण्याआधी तो त्याचा एक तुकडा फोडतो आणि बाहेर उन्हात जाऊन बराच वेळ बघत उभा राहतो. गिऱ्हाईक खोळंबतं. प्रयागबाई घण टेकवून वाट बघते.