ऊन दाखवलेली वाळू

मे महिना लागला की आमच्या मुलुंडच्या घरात काही जागेवर राहत नाही. पावसाळ्याआधी आई तांदूळ, आमसुलं, गाद्या, सगळ्याला गच्चीत ऊन दाखवते. मूळची मालवणकडची, ओलसर काही दिसलं की तिला चैन पडत नाही.

त्या शनिवारी मलाही चैन नव्हतं. पूर्व किनाऱ्यावर, नदी समुद्राला मिळते तिथला गाळ पोलादी नळ्यांत भरून मी कुर्ल्याला उतरले होते, आणि प्रयोगशाळा उघडणार होती सोमवारी. वाळूच्या कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं, एवढंच आम्ही मोजतो. कण गाडला गेला की त्याचं वय सुरू होतं. पुन्हा उजेड लागला की सगळं पुसलं जातं. नदीनं तिथं आपली वाट कधी बदलली, हे सगळ्यात खोल थराच्या एका नळीवरून कळणार होतं. तिथं पुन्हा खोदायची परवानगी मिळणार नव्हती.

नळ्या काळ्या प्लास्टिकात गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि आईला बजावलं, जीव गेला तरी हे खराब होता कामा नये. तरी मी उठून उठून कपाट बघत होते. अंड्यांवरची कोंबडी झालीयस, असं आई म्हणाली.

रविवारी सकाळी भाजी घेऊन आले तर कपाट उघडं. खोल थराची, सगळ्यात ओली नळी गायब. मी पिशवी दारातच टाकून गच्चीत धावले. गाद्यांशेजारी वर्तमानपत्रावर माझी वाळू पसरली होती आणि आई बोटांनी ढेकळं फोडत होती.

"कुबट वास मारी होतो. खराब होयत म्हणान वायच उनात घातलंय."

माझा तोल सुटला. तोंडाला येईल ते बोलले. मग रडत रडतच तिला सांगितलं, की ही हजारो वर्षं अंधारात होती, म्हणून तर तिला वय होतं.

आईनं बोटांना चिकटलेली वाळू परत वर्तमानपत्रावर झटकली.

"मगे आता तिचा वय किती?"

"आजची आहे ती, आई."

तिनं घाईघाईनं डोक्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी त्या वाळूवर ताणून धरला. ऊन डोक्यावर आलं होतं. खाली चल म्हटलं तरी ती हलेना.