कंपनीला पाठवलेले बिबडे

मी एकदा एका कंपनीला बिबडे पाठवले होते. आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड, लसूण-तीळ घातलेले, स्वतः गच्चीवर वाळवलेले, चांगले दोन डझन. सोबत चिठ्ठी घातली होती, ‘तुमचं खोकं मिळालं. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही.’ वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच ना? एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. बिबडे पाठवणं हा त्या मूर्खपणाचा शहाणा भाग होता.

तेव्हा मी अजाण होते, जेमतेम सहासष्ट वर्षांची. आज सत्तरीत बसून त्या पोरीकडे बघते तेव्हा तिचे कान धरावेसे वाटतात. केसांना मेंदी, डोळ्यांत घरचं काजळ, खांद्यावर इस्त्रीचा पदर, आणि समोर कोण? तर डाळीच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल.

यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा पुण्यात, मुलगी धुळ्याला सासरी. जळगावातल्या तीन खोल्यांत मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दिवसभरात तोंड उघडायचं ते सकाळी दूधवाल्याला “अर्धाच दे” म्हणायला. चहाला दोन कपांचं पाणी ठेवायची सवय जाईना, मग दुसरा कप गार झाला की मीच प्यायचे. यजमानांचा कंगवा आरशाखाली तसाच होता. आरशासमोर उभी राहून मी कंगव्याशी बोलायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

धुळ्याची नात सुट्टीत आली तेव्हा तिने मला आरशाशी बोलताना पकडलं. मी म्हणत होते, “हळद जास्त झाली की पिवळी दिसशील, बये.” ती म्हणाली, “आजी, हेच मोबाइलसमोर बोल. निदान कोणी उत्तर देईल.”

व्हिडिओ काढून टाकायचं तिनेच शिकवलं, आणि तसं सुरू झालं. दुपारी तीनला गॅलरीत चांगला उजेड असतो, तेव्हा बसायचं. डाळ मिलमधून आणलेली मसुराची चुरी दळून तिचं उटणं, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून पाडलेलं काजळ, भेगाळलेल्या टाचांना केळीच्या सालाची आतली बाजू. जे आईने मला केलं, तेच. बघणाऱ्या बाया हळूहळू जमल्या. नातीच्या भाषेत माझा आकडा ‘छोटा’ होता. पण मला विचाराल तर एका लग्नाच्या मांडवात मावणार नाहीत एवढ्या बाया रोज माझ्या घरात यायला लागल्या होत्या.

त्यांतली एक यावलच्या बाजूची. केळीच्या बागांतल्या गावातली, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. ती रोज, अगदी रोज, खाली लिहायची. “अक्का, भाकरी थापता थापता पाह्यते तुमाले.” “अक्का, आज आवाज बसेल वाटते, काढा घ्या.” माझा आवाज बसलाय हे दूधवाल्याला कळलं नव्हतं, मुलाला फोनवर कळलं नव्हतं, तिला कळलं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिच्या नावाच्या जागी कण्हेरीच्या फुलाचा फोटो होता. तरी व्हिडिओ करताना मी तिच्याशीच बोलायचे. कंगवा सुटला, फूल आलं.

आणि मग ते खोकं आलं.

त्या वर्षी कुरिअरवाला माझ्या दाराशी यायचा तो शेजारच्यांचा पत्ता विचारायला. त्या दिवशी त्याने माझं नाव उच्चारलं. आत गुलाबी कागदात क्रीम, एक लाली, एक साबणाचा फेस, आणि वर कार्ड: ‘प्रिय आजी, तुमच्यासाठी, प्रेमाने.’ वळणदार अक्षर. मी ते कार्ड देवघरात ठेवलं. (नातीने नंतर सांगितलं, तसली कार्डं शेकड्यांनी छापतात. सहासष्ट वर्षांच्या पोरीला छापील अक्षर आणि हाताचं अक्षर यातला फरक कळू नये! पण वर्षभर कोणी ‘प्रिय’ म्हटलं नसेल तर डोळे अधू होतात.)

आता आमच्याकडची रीत सांगते. शेजारणीकडून वाटीभर आमटी आली तरी वाटी धुऊन रिकामी देत नाहीत. साखर घाला, चार मिरच्या घाला, काहीतरी घाला. खोकं आलं म्हणजे वाटी आली. बिबडे तर पाठवलेच. पण मला ते कमी वाटले. म्हणून मी वाटीत आणखी एक जिन्नस घातला, माझी जीभ. क्रीम उघडून जेमतेम एक तास झाला होता. गालाला लावून मी मोबाइलसमोर म्हणाले, “बायांनो, महिनाभर वापरतेय. अगदी लोण्यासारखं, इतकं आवडलं की कंपनीला बिबडे पाठवतेय. डोळे मिटून घ्या.”

महिनाभर! तासाचा महिना केला त्या बाईने, आणि पदर सावरून हसलीही.

आठ-दहा दिवसांनी फुलाखाली ओळ आली, “अक्का, मी घेतलं ते क्रीम. तोंड लाल झालं, साल निघू राह्यली. बहिनीच्या पोरीचं लगन शे, काय करू?” मी घाबरून लिहिलं, गार पाणी मार, कोरफड लाव, डॉक्टरला दाखव. तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. इतर बाया होत्या, बोलत होत्या, पण मी गॅलरीत बसून उटण्याचं सांगायला लागले की मधेच थांबायचे. तीन वाजता मांडवातली समोरची एकच खुर्ची रिकामी असावी आणि नजर तिथेच जावी, तसं.

नातीला मी हे सांगितलं नाही. उलट तिच्यापुढे रुबाब केला. “मला आता कंपन्यांशी करार करायचाय,” म्हटलं. एक फूल गेलं तर काय, मी हार आणीन, असा त्यातला तोरा. आणि मी सरळ वीस-पंचवीस कंपन्यांना एकच मजकूर पाठवला: ‘मी प्रसिद्ध आजी आहे. आपली वस्तू पाठवा.’ एकीचंही उत्तर नाही. लग्नाची पत्रिका देताना घरोघरी एकच वाक्य म्हणत फिरतात, तेवढीसुद्धा मेहनत मी घेतली नव्हती.

नात धुळ्याहून आली आणि तिने तो मजकूर वाचून कपाळावर हात मारला.

“आजी, तू यांतल्या कोणाची वस्तू कधी वापरलीस?”

“नाही. म्हणून तर मागतेय.”

“अगं, उलटं असतं ते. जे तुझ्या घरात आधीच आहे, त्यांना लिही. काय वापरतेस, किती दिवस, काय आवडलं, काय नाही. आणि आकडा नको सांगूस, तो त्यांना दिसतो. बाया तुला काय विचारतात ते सांग.”

“आकडा लहान असला तरी चालतं?”

“छोट्या कंपनीला छोटाच चालतो. त्यांना गर्दी नको असते, ऐकणारं माणूस हवं असतं. खाली बाया काय बोलतात ते वाचतात ते लोक.”

माझ्या न्हाणीत धुळ्याच्या एका बाईने केलेला कडुलिंबाचा साबण होता. बचत गटाच्या प्रदर्शनात घेतलेला, सहा महिने तोच वापरत होते. धुळं माझं माहेर, म्हणून नाही. खरंच चांगला होता, फक्त लवकर विरघळायचा. तेच लिहून पाठवलं, विरघळण्यासकट. संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. गोड आवाज, पण शब्द सरळ.

“आजी, तुमचं पत्र फार आवडलं. पण तुमचा तो क्रीमचा व्हिडिओपण पाहिला मी. खाली एक बाई रडतेय. तुम्ही माझ्या साबणाला चांगलं म्हणाल, पण क्रीमलाही तुम्ही चांगलंच म्हणाला होता. मग तुमच्या चांगल्याला काय अर्थ?”

फोन ठेवून मी न्हाणीत गेले आणि तो साबण हातात घेतला. मला आठवला तो माझा बघण्याचा कार्यक्रम. एकोणीस वर्षांची होते, सावळी, आणि मावशीने पावडरचा अख्खा थर दिलेला. जळगावची मंडळी आली. होणाऱ्या सासूबाईंनी पोहे बाजूला ठेवले, पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि माझा गाल पुसला. म्हणाल्या, “आता दिसली मुलगी.” लग्न ठरलं. एवढा मोठा धडा गालावर मिळालेला, आणि मी सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा थर देऊन बसले!

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी तोंड धुऊन मोबाइलसमोर बसले. काजळ नाही, मेंदीची मुळं पांढरी दिसत होती. म्हणाले, “बायांनो, ते क्रीम मी महिनाभर वापरलं नव्हतं. एक तास वापरलं होतं. फुकट आलं होतं, हे पण सांगितलं नव्हतं. माझ्या शब्दावर एकीने घेतलं आणि तिचा चेहरा भाजला. मी खोटं बोलले.” एवढंच. पाठवलं आणि मोबाइल डाळीच्या डब्यात घालून झाकण लावलं.

डबा उघडला तेव्हा आत बाया भांडत होत्या. “तुमाला लाज नाही वाटत?” “या वयात?” “माझ्या जावेने पण घेतलं ते!” “बरं आता आजी, उन्हाने काळवंडलंय त्याला काय लावू ते सांगा.” शिव्या देत होत्या आणि शेवटी विचारतही होत्या. मी एकेकीला उत्तर लिहिलं. अगदी खालपर्यंत बघत गेले, पण फूल नव्हतं.

साबणवाल्या बाईचा पुन्हा फोन आला. “आजी, मी सगळं वाचलं. शिव्या खाऊनही ज्यांच्या बाया जात नाहीत, त्यांच्याबरोबर मला काम करायचंय.” मी तिला माझी अट घातली: नवीन साबण आला की महिनाभर वापरल्याशिवाय तोंड उघडणार नाही, आणि तुम्ही पाठवलाय हे आधी सांगणार. ती हसली, म्हणाली, “मीही हेच सांगणार होते.” असा माझा पहिला करार झाला. नात नाचली. मुलगा फोनवर म्हणाला, “वा, आई.” मी पेढे आणले आणि घरी येऊन लक्षात आलं, वाटायला घरात कोणी नाही.

मग एका सकाळी डब्यात बिबडे भरले आणि यावलची बस धरली. तिने कधीतरी लिहिलं होतं, “आमचं घर शाळंपुढचं, निळ्या दाराचं.” तिच्या गावात उतरून विचारत गेले. दार निळं होतं. अंगणात कण्हेर होती. ओसरीवर केळीचे दोन घड भिंतीला टेकवलेले, आणि ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मोबाइल होता, पण पालथा ठेवलेला.

तिने मला लगेच ओळखलं. उठली नाही. म्हणाली, “बसा.” गालावर एका बाजूला फिकट चट्टा होता.

मी म्हटलं, “माझं चुकलं गं.”

“पाह्यलं मी. तुमी सांगलं ते.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“काय लिहू? लग्नात तोंडावर पदर घेऊन मांगं बसेल होती मी. बहीन इचारे, काय झालं, तं म्हनलं, उन्हानं झालं. तुमचं नाव नाही घेतलं मी.” तिने भाकरी उलटली. “अन् तुमी मले इचारायच्या आत कंपनीले बिबडे पाठवले. व्हिडिओत सांगलं तुमी. कंपनी काय भाकरीसंगं खाते का बिबडे?”

मी डबा पुढे सरकवला. तिने बिबडे टोपलीत काढून घेतले, एक निखाऱ्यावर भाजला, मोडला, अर्धा मला दिला. आम्ही दोघींनी खाल्ला. मग ती शेताचं बोलली, सासूच्या गुडघ्याचं बोलली, मी यजमानांच्या कंगव्याचं बोलले. माझ्या बसची वेळ झाली. मी उठले, चप्पल घातली आणि रिकाम्या डब्यासाठी हात पुढे केला. तिने डबा पदराखाली घेतला. ओसरीवर केळीचे दोन घड होते, मी ते बघतेय हेही तिने पाहिलं, आणि म्हणाली,

“डबा राहू द्या माह्यापाशी, अक्का. रिकामा कसा देऊ? आज घरात भराले काहीच नाही. घ्याले या मंग परत.”