सखूबाईच्या बेचक्या

अन्याय सखूबाईवर झाला, १९७८ साली, भाताच्या रोवणीच्या पहिल्या दिवशी, आंधळगावच्या तलावावर. तो मी केला. आज कुंपणासाठी दुफाटी फांदी तोडली, ओल्या सालीचा वास आला आणि मान खाली गेली.

काठावर पाच बेचक्या, म्हणजे दुफाटी काठ्या, रोवलेल्या, त्यांवर पाच गळ टेकवलेले, मागे ती एकटी. ठेकेदाराची माणसं एकेकटी दहा-दहा गळ लावून तलाव रिकामा करत, म्हणून निघालेलं ‘एका माणसाला एकच गळ’ हे पत्रक माझंच. मी बेचक्या उपटून मोडल्या.

“काहून मोडून राहिला, बापू? बाया रोवण्याले गेल्या, त्याईचे गळ मी राखून राहिली. मले हात दोनच हायेत.”

“ठेकेदाराची माणसं असंच सांगतात,” मी म्हणालो.

संध्याकाळी बाया चिखलाच्या पायांनी परतल्या, तेव्हा तिनं माझं नाव घेतलं नाही. “आज मासाच लागला नाही,” म्हणाली. पाच घरी कोरडा भात शिजला.

पत्रक घेऊन तलावावर जाणाऱ्यांनो, गळ कोणाचा ते आधी विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.