बाग, आपल्या माणसाच्या भरवशावर

आमच्या कॉलनीची बाग एवढीशी आहे. पूर्ण चक्कर मारायला चार मिनिटं लागतात. एक घसरगुंडी, सहा बाकं आणि उद्घाटनाच्या दिवशी उडालं तेवढंच एक कारंजं. पण तिला लागून मोठी मोकळी जागा होती, शहराच्या नकाशात बागेसाठी राखलेली. बाग वाढणार, वाढणार, असं ऐकत आम्ही बायका म्हाताऱ्या झालो. शेवटी वाट बघणं सोडून आम्हीच तिथे नऊ कडुलिंब लावले आणि घरून बादल्या नेऊन जगवले.

आम्ही म्हणजे मुख्यतः मी आणि समोरच्या भाभीजी. त्या माळव्यातल्याच, सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या. माझे सासरे बँकेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. वीस वर्षं आम्हा दोघींच्या घरांमधून ताटं ये-जा करत होती. माझ्याकडून पुरणपोळी गेली की तिकडून बाफले यायचे. कुणाचं ताट रिकामं परत गेलं नाही. घरात काही नसलं तर मूठभर साखर घालायची, पण रिकामं पाठवायचं नाही, हे दोघींच्याही आयांनी शिकवलेलं.

दोन वर्षांपूर्वी भाभीजींच्या यजमानांना, आमच्या भाईसाहेबांना, लकवा झाला. डावा पाय ओढत चालायचे. बागेतल्या फरश्या उखडलेल्या, म्हणून भाभीजी त्यांना त्या मोकळ्या जागेत कडुलिंबांखाली चालवायच्या. पहिल्या महिन्यात दुसऱ्या झाडापर्यंत, मग चौथ्या. "नौवें तक पहुँच जाएँ, फिर पूरी कॉलनी को लड्डू खिलाऊँगी," असं त्या म्हणायच्या. भाईसाहेब सातव्यापर्यंत पोचले होते.

तेवढ्यात सिंहस्थाच्या तयारीत शहरभर मोजमापं सुरू झाली आणि एका सकाळी पेपरात बारीक अक्षरांत सूचना आली. या जागेचा वापर बदलून तिथे पार्किंग आणि दुकानं करण्याचा प्रस्ताव आहे, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी. भाभीजींनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. सुंदर अक्षर, मुद्देसूद मजकूर. दारोदार फिरून त्यांनी बेचाळीस सह्या गोळा केल्या.

आणि इथे मी शहाणी मध्ये पडले.

ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता तिथला साहेब मराठी होता. आमच्या मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. बायको-मुलं इंदूरला, हा इथे एकटा. मग रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. थालीपीठ केलं की डोळे मिटून खायचा. खरं सांगायचं तर मला त्याचं खाणं नव्हे, बोलणं आवडायचं. आमच्या घरात मराठी आता देवघरात आणि भांडणात उरली आहे. नातवंडं मला "दादी" म्हणतात. अशात कुणी दारातूनच "काकू, काय केलंय आज?" असं ओरडलं की मी विरघळायची. आपला तो बाब्या म्हणतात, तसं झालं होतं.

मी भाभीजींकडून अर्ज मागून घेतला आणि त्याला दाखवला. त्याने वाचला, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिला.

"काकू, टेंशन नका घेऊ. ही हरकत, आपत्ति-वापत्ति लावायची जरूरतच नाही. आपत्ति लागली की सुनवाई होते, फाइल वर जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही. आत्ता फाइल माझ्याच टेबलावर आहे, मीच बघून राहिलोय. तुमची बाग वाढवून देतो, बस."

तो गेल्यावर आमचे हे, वडिलांसारखेच बँकेत जन्म काढलेले, म्हणाले, "हे सगळं लिहून घे त्याच्याकडून."

मी भडकले. "आपल्या माणसाकडून लिहून घ्यायचं? तुमची बँक झाली सगळीकडे!"

अर्ज मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. शेवटच्या दिवशी भाभीजी सकाळीच आल्या. चप्पल घालून, पर्स घेऊन.

"दीदी, आज आखिरी दिन है. मैं जमा कर आऊँ? टेम्पो से जाऊँगी, घंटे भर में आ जाऊँगी."

"भाभीजी, मेरी गारंटी है," मी म्हणाले. "अपना आदमी है. बिगड़ जाएगा तो काम बिगड़ेगा."

त्या पर्स खांद्यावरून काढून माझ्याकडे चहा प्यायला बसल्या.

सव्वा महिन्याने जेसीबी आला. दुपारच्या जेवणाच्या आत नऊही झाडं आडवी झाली. भाईसाहेब गॅलरीत खुर्चीवर बसून बघत होते. मी फोनवर फोन केले, साहेबाने उचलले नाहीत. तेव्हा भाभीजी आणि मी थेट कार्यालयात गेलो. बाबूने फाइल उघडून आमच्यापुढे सरकवली. त्यात एक ओळ होती: "नियत अवधि में कोई आपत्ति प्राप्त नहीं हुई." खाली सही होती, माझ्या थालीपिठावर वाढलेल्या त्या साहेबाची.

तो आतून आला. नजर चुकवली नाही, हे मला जास्त लागलं.

"काकू, वरून आलं होतं सगळं. आणि खरं सांगू? तुमच्या कॉलनीतून एक जरी आपत्ति आली असती तर मी अडवू शकलो असतो. तुम्ही लोकांनी लावलीच नाही ना."

केसाने गळा कापणं आजवर नुसतं ऐकलं होतं, आता कळलं. मराठी कळत नव्हती तरी भाभीजींना सगळं समजलं. त्या भांडल्या नाहीत. परतताना सवारीच्या टेम्पोत बसल्यावर खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "अर्जी तो तैयार थी, दीदी."

त्या जागी पत्रे लागले. भाईसाहेब आता घरासमोरच्या गल्लीत चालतात, स्कूटर आली की भिंतीला धरून उभे राहतात. आता त्यांना मोजायला झाडं नाहीत. मला रात्रंदिवस एकच राग येत होता, आणि तो निम्मा त्याच्यावर होता, निम्मा माझ्यावर. त्याने मला फसवलं. पण भाभीजींच्या खांद्यावरची पर्स खाली ठेवायला लावली ती मी.

गणपतीत साहेब आला. दरवर्षीसारखा, पेढ्यांचा डबा घेऊन. "काकू, मोदक झाले का?"

"बैठिए साहब," मी म्हणाले. "प्रसाद लाती हूँ."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मी पाणी दिलं, मोदक दिला, बायको-मुलांची चौकशी केली. सगळं हिंदीत, जी लावून.

"काकू, असं काय? मराठीत बोला ना."

"मराठी तो अपनों से बोलते हैं, साहब."

मोदक अर्धा टाकून तो उठला. यांनी त्याची बशी उचलून आत नेली. मला वाटलं, चला, आता तरी छाती हलकी होईल. नाही झाली.

संध्याकाळी एकवीस मोदकांचं ताट घेऊन मी भाभीजींकडे गेले. एरवी दारातच त्या "अंदर आओ, चाय चढ़ाती हूँ" म्हणायच्या. त्यांनी ताट घेतलं, कपाळाला लावलं, "गणपति बप्पा की जय" म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मी दारातूनच परत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांची कामवाली ताट घेऊन आली. घासलेलं, पुसलेलं, लख्ख. मी हात फिरवून बघितला, कुठे साखरेचा दाणा तरी असेल म्हणून. ताट रिकामं होतं.