आतून माया सोडलेली पेटी

खांडबाऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कमलबाईंचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला अस्तरांचे गठ्ठे, आणि दाराजवळ उजेडात बसून काज-बटण करणारे त्यांचे यजमान राजेंद्रभाऊ. राजेंद्रभाऊंनी बोलायचं काम लग्नापासूनच बायकोवर सोपवलेलं आहे.

मी त्यांच्या शेजारची. पंचवीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, म्हणून त्या मला बाई म्हणतात. कमलबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांची एक सवय मी भल्याभल्यांत पाहिली नाही. कुठलाही कपडा हातात आला की त्या आधी तो उलटा करतात. वरची जर, वरचा रंग नंतर. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना किती कापड राखून ठेवलंय ते बोटाने चाचपतात. त्या राखलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. कमलबाईंनी शिवलेला लग्नातला ब्लाउज दोन बाळंतपणांनंतरही घालणाऱ्या बायका मी पंचक्रोशीत दाखवीन.

मी कीर्तनाला जाणारी बाई. माया सोडावी, असं मी जन्मभर ऐकत आले. कमलबाईही तेच सांगतात, फक्त त्यांची माया शिवणीच्या आत सोडायची असते.

त्यांची मुलगी यामिनी नवापूरला कॉलेजात जाते. मोबाइलवर खेळायचा तिला नाद. कमलबाई रागवायच्या, पण एके दिवशी पोरीने जे सांगितलं ते ऐकून राग विसरल्या. पाच-पाच जणींच्या संघाचा एक खेळ असतो. नाशिक, सांगली, अकोला अशा ठिकाणच्या चार मुलींनी यामिनीचा खेळ बघून तिला पाचवी म्हणून बोलावलं होतं. मात्र पुढच्या हंगामापासून तो संघ कॉम्प्युटरवर खेळणार होता. दिवाळीनंतर चाचणी. तोवर स्वतःचा कॉम्प्युटर नसेल तर जागा दुसरीला.

कमलबाईंनी इंटरलॉकच्या मशीनसाठी पैसे साठवले होते. ते मशीन आलं असतं तर नवापूरला कडा मारायला कपडे पाठवायची कटकट संपली असती. तेवढ्याच पैशांत कॉम्प्युटर बसत होता, तोही जेमतेम.

"एकदा घेतला की पुन्हा काही घेता येणार नाही," यामिनी मला म्हणाली. "म्हणून असा पाहिजे की नंतर थोडंथोडं आत घालून वाढवता येईल. पण मायला हे कसं सांगू?"

मी म्हटलं, "तुझ्या मायला तिच्याच भाषेत सांग."

तिने सांगितलं. कमलबाई पायाने मशीन चालवत ऐकत होत्या. पाय थांबला.

"म्हणजे माया सोडेल पाहिजे," त्या अहिराणीत म्हणाल्या.

"हो, माय."

"मंग सोपं शे. उलटं करीसन देखू."

त्याच संध्याकाळी कमलबाईंचे दीर हेमकांत आले. ते नंदुरबारला एका ऑफिसात कारकून. घरात सगळे अहिराणी बोलतात, हे मात्र ऑफिसातलं शुद्ध बोलणं घरीही घेऊन येतात. अंगात कडक इस्त्रीचे रेडिमेड कपडे. शिंप्याच्या घरचा माणूस असून शिवलेले कपडे घालत नाहीत, याची कमलबाईंना खंत नव्हती असं मी म्हणणार नाही.

"वहिनी, इंटरलॉक सोडून खेळणं घेताय म्हणे," ते म्हणाले. "ही यंत्रं वर्षभरात जुनी होतात. पुढच्या दसऱ्याला भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

"भाऊ, चहा ल्या," कमलबाई म्हणाल्या.

"आणि आता शिवून तरी कोण घेतं? माझी पँट बघा. दुकानात गेलो, घातली, आलो."

कमलबाईंनी त्यांच्या पँटकडे पाहिलं. मशीन पुन्हा सुरू केलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघी नंदुरबारला गेलो. तिथल्या एका दुकानात काचेची पेटी मांडलेली होती. आत लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते. गरब्याच्या मंडपासारखी दिसत होती. आत ग्राफिक कार्डही बसवलेलं. खेळातली चित्रं पडद्यावर भराभर काढायचं काम त्या कार्डाचं असतं. दुकानदाराने यामिनीचाच खेळ लावून दाखवला. पाण्यासारखा चालला. पोरीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिने मनात ती पेटी घरी नेऊन ठेवलीसुद्धा.

कमलबाई म्हणाल्या, "उघाडीसन दखाडा."

"उघडलं की वॉरंटी जाते, मावशी."

"उलटं करीसन नही दखाडत ते कापड मी लेत नही."

"हे कापड नाही, मावशी."

"ते दिसी ऱ्हायनं."

शेवटी त्याने कंटाळून मोबाइलचा टॉर्च काचेवर धरला. यामिनी वाकून बघू लागली आणि कमलबाई एकेक विचारू लागल्या. रॅमच्या पट्ट्या बसतात त्या खाचा किती? दोन. मोकळी किती? एकही नाही. वीज पुरवणारा डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात, तो किती ताकदीचा? स्टिकरवर कंपनीचं नाव मोठं होतं, आकडा नव्हताच. उद्या मोठं कार्ड आणलं तर बसेल का? पेटी इतकी तोकडी की होतं ते कार्डच पुढच्या पंख्याला टेकलेलं.

यामिनी हळूच म्हणाली, "माय, पण आज हाच चांगला चालतोय. चाचणीला जेमतेम दीड महिना राहिला."

कमलबाईंनी तिला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"पोरी, पहिला दिनले आंगवर चापून बठस ना, त्याच झंपर दुसरा वरीसले काखमा उसवस. तुले एक दिन खेळनं शे का वरीसभर?"

यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. येताना गाडीत ती आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसली. निर्णय आईने घेतला होता, आणि जागा गेली असती तर ती पोरीची गेली असती. कमलबाईंनाही ते कळत होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, देवले सांगा, मन्ही बोटं खोटी नको पडाले."

कमलबाई अस्तर आणि साडीचे फॉल आणायला नेहमी सुरतेला जातात. पुढच्या फेरीला त्यांनी आम्हालाही नेलं. आधी अस्तराची खरेदी उरकली, मग यामिनीने शोधून ठेवलेल्या दुकानात गेलो. सुटे भाग घेऊन डोळ्यांदेखत कॉम्प्युटर जोडून देणारं दुकान. गल्ल्यावर साठीचे शांतीलालभाई, कपाळावर गंध, समोर ताकाचा पेला.

कमलबाईंनी हिंदीत सुरुवात केली. "भाई, इसमें माया कितनी छोड़ी है?"

शांतीलालभाईंनी पेला खाली ठेवला. "बेन, माया तो ऊपरवाले की है. आप डिस्काउंट की बात करो."

"डिस्काउंट बाद में. पहले माया बताओ."

"अरे, मैं दुकान खोल के बैठा हूँ, आप मुझे संन्यास दे रही हो."

मला हसू आवरेना. कमलबाईंनी मात्र पिशवीत हात घातला, नमुन्याला आणलेला एक ब्लाउज काढला, गल्ल्यावर उलटा पसरला आणि शिवणीतलं राखलेलं कापड चिमटीत धरून दाखवलं. "ये. कल को बढ़ाना हो तो अंदर कितना है?"

शांतीलालभाईंनी चष्मा लावून ती शिवण पाहिली. मग ब्लाउज पाहिला. मग कमलबाईंकडे पाहिलं.

"चालीस साल में किसी ने ऐसा नहीं पूछा," ते म्हणाले. "सब पूछते हैं लाइट कितनी है."

त्यांनी एक साधी काळी पेटी काढली. दिवा नाही, काच नाही. दोन्ही पत्रे उघडून पेटी आमच्यासमोर आडवी ठेवली. मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा, दोन भरायच्या, दोन मोकळ्या ठेवायच्या. एसएमपीएस आजच्या गरजेपेक्षा बऱ्याच जास्त ताकदीचा, आकडा स्वच्छ छापलेला, आणि पुढे मोठं कार्ड येईल तेव्हा लागणाऱ्या दोन वायरी आत्ताच दिलेल्या. कार्डाची लांब खाच मोकळी. आज कार्ड नाही. प्रोसेसरमध्येच चित्र दाखवायची थोडी सोय होती, तिच्यावर भागवायचं.

कमलबाईंनी गळ्यातली मापाची टेप काढली आणि खाचेपासून पुढच्या पत्र्यापर्यंत माप घेतलं. साडेबारा इंच. ते त्यांनी यामिनीला बिलाच्या मागे लिहायला लावलं.

"हे घ्यायचं?" यामिनीने मला विचारलं, आईला नाही.

मी म्हटलं, "तुझी माय आयुष्यात मापाला चुकलेली मी पाहिली नाही."

दसऱ्याला ती काळी पेटी मशीन आणि कात्रीच्या मध्ये ठेवून कमलबाईंनी हळदकुंकू वाहिलं. आपट्याचं पान ठेवलं. मोकळ्या दोन वायरी आत लोंबत होत्या, त्या त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने गाठ मारून एका कडेला बांधल्या, उरलेलं कापड बांधतात तशा.

हेमकांत सोनं द्यायला आले होते. "दिवे लागत नाहीत का याचे?" त्यांनी विचारलं.

"खेळ लागस," राजेंद्रभाऊ म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच बोलणं.

कार्डाशिवाय खेळ चालायचा, पण चित्रं भुरकट. झाडं म्हणजे हिरवे ठिपके, माणसं म्हणजे ठोकळे. यामिनीने सगळी सजावट बंद करून टाकली आणि त्या ठोकळ्यांवरच तीन आठवडे हात बसवला. चाचणीच्या दिवशी दुपारी मी तिकडे गेले नाही, घरी देवापुढे दिवा लावून बसले. चार वाजता कमलबाई दारात आल्या. हातात गुळाचा खडा होता.

"लिधं तिले," त्या म्हणाल्या. पोरीला संघात घेतलं होतं.

वर्ष होत आलं. संघ खेळत राहिला, कधी हरला, कधी बक्षिसाचे थोडे पैसे पाचांत वाटून आले. मग श्रावणात त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि ग्राफिक कार्डाशिवाय ती सुरूच होईना. सांगलीच्या मुलीकडे दिव्यांची काचेची पेटी होती. तिच्यातलं छोटं कार्ड पुरेना, आणि मोठं आणलं तर ते पेटीत मावेना, आणि पेटी बदलायला पैसे नाहीत. ती बिचारी हंगामाबाहेर बसली, तिच्या जागी राखीव मुलगी आली. संघात आता राखीव कुणीच नव्हती. यामिनी अडली असती तर संघच बाद.

कमलबाईंनी नवरात्राच्या चनिया-चोळीच्या शिलाईचे आगाऊ आलेले पैसे काढले, यामिनीने बक्षिसाचे घातले. बिलाच्या मागचं माप काढलं. कार्ड निवडलं ते साडेनऊ इंचाचं.

ते आलं त्या दिवशी दुकानात पाच-सहा बायका माप द्यायला आल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत. हेमकांतही होते. मशीनचा पेचकस कमलबाईंनीच घेतला. पत्रा काढला. मागची लोखंडी पट्टी सोडवली. कार्ड खाचेवर धरून अंगठ्यांनी दाबलं. टक्क असा आवाज झाला.

पुढे तीन इंच जागा मोकळी होती. कमलबाईंनी तिथे चार बोटं घालून दाखवली, बायकांना आणि मग दिरालाही. वर्षापूर्वी बांधलेली दोऱ्याची गाठ त्यांनी दाताने तोडली, दोन्ही वायरी कार्डाला लावल्या.

यामिनीने बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्या खेळात झाडांना पानं आली. मी वर्षभर ते ठिपके बघत होते, त्यात नदीसुद्धा होती हे मला त्या दिवशी कळलं. मी हात जोडले. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की देवालाच जोडले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी अंतिम सामना झाला, भर दुपारी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खेळ कुणाला फारसा कळत नव्हता, पण यामिनीची मान ताठ झाली की सगळ्यांची व्हायची. शेवटच्या फेरीत त्यांच्या संघातली ती एकटीच उरली होती, समोर दोघी. कमलबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या पोरीच्या बोटांकडे बघत होत्या, सुईकडे बघावं तशा. पहिली गेली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग दुसरी गेली, आणि यामिनीच्या कानातल्या हेडफोनमधून चार मुलींचं ओरडणं आम्हा सगळ्यांना बाहेर ऐकू आलं.

कमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग पेटीवर हात ठेवला. "गरम शे," त्या म्हणाल्या. "पन श्वास घी ऱ्हायनी."

बक्षिसातून पहिलं आलं ते इंटरलॉकचं मशीन. यामिनीनेच आणलं. रॅमच्या दोन खाचा अजून मोकळ्या आहेत. ती म्हणते, त्या पुढच्या वर्षासाठी.

गेल्या आठवड्यात मी अस्तर मागायला गेले तेव्हा हेमकांत तिथेच होते. हातात ती रेडिमेड पँट. मधल्या वर्षात त्यांचं पोट सुटलंय.

"वहिनी, जरा सैल करून द्या."

कमलबाईंनी पँट उलटी केली. शिवण बोटाने चाचपली. मलाही दाखवली. शिवणीच्या आत राखलेलं कापड गव्हाच्या दाण्याएवढंही नव्हतं.

"भाऊ, आत काहीच सोडेल नही. कोठून काढू?"

हेमकांतांनी स्वतः शिवण चाचपून पाहिली. मग कधी नव्हे ते अहिराणीत म्हणाले, "मंग आते काय करू, वहिनी?"

"नवीन शिवी देसू. हुभा ऱ्हा." त्यांनी गळ्यातली टेप काढली.

राजेंद्रभाऊंनी सुईतून मान वर केली. "चार बोटं माया सोडजो," ते म्हणाले. "दिवाळी ई ऱ्हायनी."