बिनआवाजाचं विमान आणि बिबडे

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण "साहेब, विमान पडलं!" हा फोन आठवला की मी अजूनही खुर्चीतून अर्धा उठतो. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. धुळे तालुक्यात मी फौजदार होतो. चोऱ्या, बांधावरची भांडणं, सोनगीरजवळचे ट्रकचे अपघात, हेच आमचं रोजचं. विमान ठाण्याच्या डायरीत कधी आलंच नव्हतं. आमचे हवालदार टोपी विसरून जीपमध्ये बसले, यावरून काय ते समजा.

धुळ्याबाहेरच्या छोट्या धावपट्टीच्या कडेला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, पंख मोडून पडलं होतं. चालवणारा देवपूरचा कॉलेजातला पोरगा, अजून शिकाऊच. खांद्याचं हाड मोडलेलं, तरी एकच धोशा, "साहेब, समोर काळी छत्री होती, म्हणून वळवलं."

त्याचे प्रशिक्षक भडकले होते. "कुठाय छत्री? पट्टी मोकळी आहे. घाबरला आणि आता थापा मारतोय. याचं उड्डाण कायमचं बंद!"

पट्टी खरंच मोकळी होती. पण पंचनामा करताना चाकाला चिकटलेला एक ओलसर तुकडा सापडला. वास घेतला. ज्वारी, लसूण, तीळ. अहो, हे तर वाळत घातलेले बिबडे, आमचे ज्वारीचे पापड! खान्देशी नाकाला हा वास सांगावा लागत नाही. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

शेजारच्या वस्तीत चौकशी केली. सगळे एका सुरात म्हणाले, "आम्ही तिकडे फिरकतच नही, साहेब."

मी तुकडा पुढे धरला. "बिबडे मात्र झकास जमलेत. कुणाच्या हातचे?"

बायकांच्या माना आपोआप एका म्हातारीकडे वळल्या. दमदाटीला न बधणारा माणूस कौतुकाला फसतो.

"अक्का," मी म्हटलं, "त्या पोराचं उडणं कायमचं बंद होतंय."

तिने डोळ्याला पदर लावला. "मीच व्हतू छत्रीखाले, कावळा हाकलत. इमानना आवाज वना की आम्ही बठ्ठं उचली लेतस. हाई मेलं वाजनंच नही! त्यानी वळाडं म्हनीसन मी जित्ती शे."

म्हणजे एरवी विमानाचा आवाज आला की पट्टीवरचं वाळवण उचललं जायचं, आणि या वेळी आवाजच आला नव्हता. अपघातानंतर केस होईल या धास्तीने वस्तीने घाईघाईत बिबडे उचलले होते आणि तोंडं शिवली होती.

जबाब घेतला, अंगठा घेतला आणि अक्कालाच जीपमधून, पोराला ठेवलं होतं त्या सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. तिथे प्रशिक्षकांनी जबाब वाचला आणि कागद घडी करून मला परत दिला. मग पोराला म्हणाले, "हाड जुळलं की ये."

अक्काने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोऱ्या, पुढला टाइमले ढोल वाजाडत येजो."

त्यानंतर नोकरीभर मी एक पाळलं. कुणी खोटं बोललं की आधी बघायचं, तो लबाड आहे की नुसता भ्यालेला.

पुढे पोरगा पुन्हा उडाला, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. कुंपणाबाहेर ती काळी छत्री उभी होती. ग्लायडर आवाज न करता खाली आलं, अलगद टेकलं, आणि वस्तीनेच ढोल बडवला.