हुकमापुरती गोंडी

आलापल्लीच्या जंगलात मी तेवीस वर्षे एका ठेकेदाराचा मुन्शी होतो. आज कोणते झाड पाडायचे ते सांगणे, पाडलेल्या सागाचा घेर मोजणे आणि ओंडक्यावर ठेकेदाराच्या मालकीची घणाची खूण उमटवून घेणे, एवढेच मला येत असे. तेवढे जन्मभर पुरेल असे मी धरून चाललो होतो. एकोणीसशे ऐंशीनंतर ते पुरणार नाही हे दिसू लागले. खाजगी ठेकेदारांना यापुढे तोडीसाठी जंगल मिळणार नाही, अशी बोलवा आधी आली. मग एका उन्हाळ्यात ठेकेदाराने आपले ट्रक चंद्रपूरला हलवले आणि पावसाळा संपल्यावर येऊ नका, असे आम्हा मुन्शींना सांगून टाकले. मी पन्नाशीला टेकलो होतो. धाकटी मुलगी भद्रावतीला माझ्या भावाकडे राहून शिकत होती.

गोंडपिपरीच्या एका धानगिरणीत विचारून आलो; तिथे आधीच माणूस होता. चंद्रपूरला टायपिंगच्या वर्गात महिनाभर बसलो. शेजारच्या मुली माझ्या बोटांकडे पाहून हसू दाबत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

अशात कळले की जंगल कामगारांच्या एका सोसायटीला लिहिणारा माणूस हवा आहे. सभासद बहुतेक गोंड. त्यांतल्या पुष्कळांनी माझ्या हाताखाली काम केलेले. बोलण्यापुरती मराठी पुष्कळांना येई, कागदावरची नाही; म्हणून त्यांची अट एकच होती. अंगठा घेण्याआधी प्रत्येक कागद त्यांना गोंडीतून वाचून दाखवला पाहिजे. माणूस ठरणार होता सभेत, आणि एकाही सभासदाने हरकत घेतली तरी तो नाकारला जाणार होता.

मला गोंडी येते, असाच माझा समज होता. आमच्या खोलीमागे एक गोंड म्हातारी राहत असे, मोहफुले वाळवून विकणारी. बोलीची उजळणी करावी म्हणून मी तिच्याकडे गेलो आणि मला येत होते ते सारे बोलून दाखवले. तिने हातातले सूप खाली ठेवले.

"मुन्शीभाऊ, हे तं तुमी बैलासंग बोलल्यावानी बोलून राह्यले," ती म्हणाली. "मानसासंग बोलाचं कधी शिकाल?"

तिचे खरे होते. ये, उचल, थांब, ओढ, पाड. तेवीस वर्षांत मी एवढीच गोंडी गोळा केली होती. 'तुला बरे आहे का' हे मला विचारता येत नव्हते. 'कशासाठी' हा शब्दच माझ्याजवळ नव्हता, कारण तो मला कधी लागलाच नव्हता. माझ्या वडिलांना गावात अशाच तोडक्या हुकमांनी बोलावले जाई. धम्मदीक्षा घेतल्यानंतर त्यांनी तशा हाकेला ओ देणे बंद केले, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! तोच मी जंगलात शिरल्यावर तीच हाक दुसऱ्यांना मारीत राहिलो. हे कळायला मला नोकरी जावी लागली, ही गोष्ट लिहितानाही बरी वाटत नाही.

चार महिने मी त्या म्हातारीपुढे बसून शिकलो. पण जसजशी भाषा येऊ लागली, तसतसा एका माणसाचा विचार टाळणे अवघड होत गेले. तोही सोसायटीचा सभासद होता. काही वर्षांपूर्वी एक जाडजूड साग पाडताना त्याने मला गोंडीत काहीतरी सांगितले होते. मला ते कळले नाही. मी 'पाड' म्हणालो. साग आतून पोकळ निघाला, भलत्याच बाजूला कलंडला आणि त्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. अपघाताचा कागद मी लिहिला. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे त्यात घातले आणि खाली त्याचाच अंगठा घेतला. काय लिहिले आहे ते त्याला सांगितले नाही. भाषेची अडचण होती, असे मी स्वतःला समजावीत आलो होतो.

सभेच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात बसून तो बांबूच्या काड्या तासत होता. घोकून तयार केलेले वाक्य मी गोंडीत म्हटले: त्या दिवशी तू काय म्हणालास, ते मला समजले नव्हते, आज सांग. त्याने मान वर केली आणि मराठीत उत्तर दिले.

"बोललो ते राहू द्या. बोलाच्या आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं झाड ठोकून दाखवलं होतं तुमाले. पोकळ झाडाचा आवाज कोनत्या बोलीत असते, मुन्शीभाऊ?"

तोडीआधी झाड ठोकून पाहण्याची रीत तिथे सगळेच पाळीत, आणि ती माझ्याइतकी दुसऱ्या कोणा मुन्शीला ठाऊक नव्हती. मी तो आवाज ऐकला होता. ट्रक उभा होता, दिवस मावळायला आला होता, आणि मला ते झाड त्याच दिवशी पाडून हवे होते. चुकलो, एवढे म्हणून मी उठलो. तो पुन्हा काडी तासू लागला.

दुसऱ्या दिवशी सभेत कोणाची हरकत आहे का, असे विचारले गेले तेव्हा सगळे त्याच्याकडे वळून पाहू लागले. तो गोंडीत बोलला आणि त्याचा प्रत्येक शब्द मला समजला. ह्याला ठेवा, तो म्हणाला. ह्याला आता आपली भीती आहे, वाचताना काही गाळणार नाही.

लोक हसले. मला काम मिळाले, मुलीचे शिक्षण पुरे झाले. आज पाच वर्षे मी तिथे कागद वाचून दाखवतो. म्हाताऱ्या बायका माझे उच्चार सुधारतात, घरची गाऱ्हाणी सांगतात, थट्टाही करतात. तो मात्र सगळ्यांच्या मागे बसतो. त्याची पाळी आली की कागद शेवटपर्यंत ऐकतो, अंगठा देतो आणि काही विचारायचे असले तर मराठीत विचारतो. मी गोंडीत उत्तर देतो. साग पडला त्या दिवसापासून त्याने माझ्याशी त्या भाषेत एक शब्दही काढलेला नाही.